गंधकाची उरलेली जोडी

निकालाचा कागद शाळेच्या दारावर चिकटला तेव्हा दुपारचा एक वाजला होता. नारीन प्रांताच्या रसायनशास्त्र स्पर्धेला त्या वर्षी तेवीस मुलं बसली होती. पहिली तीन बिश्केकला, देशाच्या फेरीला जाणार होती आणि तिसऱ्या ओळीवर अत-बाशीच्या साल्कीनचं नाव होतं. अत-बाशीतून याआधी बिश्केकला गेलेला मुलगा आता दोन लेकरांचा बाप होता, इतकी वर्षं त्या गोष्टीला झाली होती. साल्कीनला पाच वर्षं शिकवणाऱ्या अनीपाने खरं तर आता निवांत बसून चहा प्यायला हवा होता. पण तिचे पाय एका जागी ठरेनात.

ती दारापर्यंत गेली, कागद पुन्हा वाचला, परत फिरली, खिडकीपाशी गेली. बाहेर फेब्रुवारीचं ऊन बर्फावर पडून डोळ्यांत खुपत होतं. अंगणात साल्कीन तिच्या तायाकेच्या, मामाच्या, झिगुली गाडीला टेकून उभी होती. मामा मामिर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगत होता, "तिसरी. अख्ख्या प्रांतात. माझ्या बहिणीची पोर." ऐकणारा पुढे निघून गेला तर त्याच्या पाठीला सांगत होता.

"अनीपा एजे, जेवायला चला, शोर्पो गार होतोय," एल्नुराने हाक मारली. वयाने मोठ्या बाईला तिथे एजे म्हणत.

परीक्षक पाच जण होते, सगळे वेगवेगळ्या गावांतले मास्तर आणि बाई. एल्नुरा त्यांतली सगळ्यांत तरुण. चौथा प्रश्न तिने आणि अनीपाने मिळून तपासला होता. शाळेच्या खानावळीत लांब टेबलाशी सगळे बसले, नानचे तुकडे मोडले, शोर्प्याच्या, मटणाच्या रश्श्याच्या, वाटीत बुडवले, आणि काम संपलेल्या माणसांसारखे हसायला-बोलायला लागले. तपासताना कागदांवर फक्त आकडे होते. आता नावं उघडली होती, त्यामुळे कुणी कुठे काय माती खाल्ली हे उगाळायला मोकळीक होती.

"सतरा नंबर आठवतो का एजे?" एल्नुरा म्हणाली. "चाएकची बेगाय म्हणून मुलगी निघाली ती. चौथी आली, दोन गुणांनी हुकली बिचारी. पण चौथ्या प्रश्नात काय तारे तोडले होते! गंधकाला चार फ्लोरिन, आणि आकार काढलाय बागेतल्या सी-सॉचा. दोन वर-खाली, दोन एका अंगाला, आणि दुसऱ्या अंगाला नुसता एक ढग. मला वाटलं, लिहिता लिहिता पोरीचा डोळा लागला."

टेबलावर हशा पिकला. अनीपाचा चमचा वाटीतच राहिला.

ढग. पोरीने उगाच ढग काढला नसणार.

ती मनात मोजायला लागली. ओठ हलत होते ते तिचं तिलाच कळत नव्हतं. गंधकाच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन. चार फ्लोरिन, प्रत्येकाचा एक, असे चार. सहा आणि चार दहा. दहाच्या पाच जोड्या. चार जोड्या चार फ्लोरिनना बांधण्यात गेल्या. पाचवी जोडी उरली. ती कुणाला बांधत नाही, गंधकापाशीच राहते. दिसत नाही, पण जागा अडवते, शेजाऱ्यांना रेटते. मग चार फ्लोरिन चार कोपऱ्यांत सारख्या अंतरावर बसतील कसे? चतुष्फलक होतच नाही. होतो तो सी-सॉ. ढगासकट.

आणि वरून आलेल्या उत्तरसूचीत छापलं होतं, चतुष्फलक. सतरा नंबरला तिने स्वतःच्या हाताने तीनपैकी शून्य दिलं होतं.

नववीच्या वर्गात ती दर वर्षी फळ्याला खडू आपटून सांगायची, आधी मधल्या अणूभोवतीचं मोजा, मग चित्र काढा. मोजल्याशिवाय काढाल तर हातावर पट्टी बसेल. अठ्ठावीस वर्षं सांगत होती. तिने वाटी तशीच ठेवली आणि उठली.

"एजे, झालं काय?"

"काही नाही. मीठ जास्त झालंय," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

मुख्य परीक्षक कुबात वरच्या खोलीत पाकिटांवर लाखेचा शिक्का मारत बसला होता. तो आणि अनीपा एकाच वर्षी, एकाच वर्गात बाई-मास्तर व्हायचं शिकले होते. वसतिगृहात दोघांनी एका शेगडीवर बटाटे उकडले होते. त्याला सगळा प्रांत "कुबात बायके" म्हणून मान द्यायचा. ती तेवढी अजून नुसतं कुबात म्हणायची.

"चौथ्या प्रश्नाची उत्तरसूची चुकली आहे," ती म्हणाली.

"आधी दार लाव. थंडी येते."

तिने दार लावलं. उभ्याउभ्याच त्याच्यापुढचा कागद ओढून सहा ठिपके काढले, मग चार काढले, आणि दोन-दोनांना गोल केले. कुबात बघत राहिला. तो रसायनात कच्चा नव्हता. पाचवा गोल झाल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, आणि कपाटातून जुनी फाईल काढली. दोन वर्षांपूर्वीची प्रश्नपत्रिका. तोच प्रश्न, त्याच शब्दांत, फक्त तिथे गंधक नव्हतं, सिलिकॉन होतं. गंधकाची खूण नुसता एस; सिलिकॉनच्या खुणेत एसला लागून छोटा आय.

"हे बघ," तो म्हणाला. "आय पडला छापताना. सिलिकॉनचे चार, फ्लोरिनचे चार, आठ. चार जोड्या, उरलं काही नाही. चतुष्फलक. म्हणजे उत्तर बरोबरच आहे. प्रश्न तेवढा चुकलाय."

"मग उत्तर बरोबर कसं?"

"विचारायचं होतं सिलिकॉनबद्दल."

"विचारलं गंधकाबद्दल. पोरांनी काय छापणाऱ्याच्या मनातलं ओळखायचं?"

"बावीस पोरांनी चतुष्फलकच लिहिलंय ना?"

"बावीस पोरांनी मोजलं नाही. एकीनेच मोजलं. तिला आपण शून्य दिलं."

कुबातने हातातली लाख खाली ठेवली. "अनीपा, बस जरा. अशी घिरट्या घालू नकोस, मला गरगरतंय. तिसरी आलेली तुझीच पोरगी आहे ना? तिचे तीन गुण गेले तर अडुसष्टवर येईल. आणि चाएकची बहात्तरवर जाईल. मग तुझ्या पोटात का दुखतंय?"

ती बसली नाही. घड्याळाकडे बघत होती. "नियम काय सांगतो?"

"सह्या झाल्यात. परीक्षकाला आता काही बदलता येत नाही. ज्याचा कागद आहे त्या मुलाने स्वतः हाताने लिहिलेला अर्ज दिला तर बदलतं. आज पाचपर्यंत."

"पाच."

"चाएकची गाडी गेली. निकाल बघून लगेच निघाले ते, डोलोनची घाटी उजेडात ओलांडायची म्हणून. चाएकला शाळेत टेलिफोन नाही, आणि ते पोचेपर्यंत पाच वाजून जातील. तू काय उडत जाणार आहेस?" मग जरा आवाज उतरवून तो म्हणाला, "घरी जा. पोरीच्या आईला आनंद सांग. मी पुढच्या वर्षीसाठी वर कळवतो."

अनीपाने टेबलावरचे दोन कोरे कागद उचलले आणि ती जिना उतरली. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

अंगणात मामिरने तिच्यासाठी पुढचं दार उघडून धरलं. "बसा एजे. बहिणीने मेंढा कापायला काढलाय. उशीर केला तर शिंगंच उरतील आपल्याला."

"मामिर, आधी डोलोनच्या बाजूला जायचंय. चाएकची गाडी गाठायची. एक सही राहिलीय."

"अत-बाशी त्या अंगाला, डोलोन या अंगाला. उलटं झालं की."

"तासाभराचं काम आहे."

"तुम्ही म्हणाल तर चंद्रावर नेतो. आज नाही म्हणायचा दिवस नाही." आणि त्याने भोंगा वाजवत गाडी फाटकातून बाहेर काढली.

साल्कीन मागच्या सीटवर पिठाच्या पोत्याशेजारी बसली होती. सोळा वर्षांची, उंच, भुवया कायम जराशा चढलेल्या. घरात चार भावंडांची ती थोरली. सकाळी दूध काढून शाळेत यायची आणि शाळा सुटल्यावर तासभर अनीपाच्या वर्गात थांबायची. बोलायला तिखट होती, पण आज निकाल लागल्यापासून गप्पच होती. आनंद झाला की ती गप्प होते, हे अनीपाला ठाऊक होतं. म्हणूनच तिला मागे वळून बघवेना.

नारीन मागे पडलं. रस्ता चढायला लागला. दोन्ही बाजूंना बर्फ, मधूनच बर्फातून वर डोकं काढलेलं गवत, त्यावर घोडे तोंडं खुपसून उभे. मामिर बोलतच होता. बिश्केकला भाचीला कोण घेऊन जाणार, कुणाकडे उतरवायचं, त्याचा मावसभाऊ तिथे बाजारात आहे, त्याची बायको तोंडाळ आहे पण पालोव झकास करते. अनीपा हातमोजे काढत होती, घालत होती, परत काढत होती.

"एजे, तुम्हाला बरं वाटत नाही का?" मागून साल्कीनने विचारलं. "तुम्ही चारदा घड्याळ बघितलंत."

अनीपाला वाटलं, घाटीवर पोचल्यावर सांगू. मग वाटलं, पोरीसमोर तिच्या तोंडचं काढून घ्यायचं आणि तिलाच आयत्या वेळी कळायचं, हे कसलं? तिने हातमोजे मांडीवर ठेवले आणि सगळं सांगितलं. गंधक, सिलिकॉन, पडलेला आय, सतरा नंबर, पाचची मुदत. सगळं, समोरच्या काचेकडे बघत.

मामिरचा पाय आपोआप उचलला गेला असावा. गाडी मंदावली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"परत सांगा," तो म्हणाला. "म्हणजे ही सही घेतली की साल्कीन जाणार नाही."

"नाही जाणार."

"आणि ही सही आणायला माझी गाडी." तो हसल्यासारखं करून तिच्याकडे बघत राहिला. "माझ्याच भाचीच्या तोंडचा घास काढायला मलाच जुंपलंत. वर पेट्रोलही माझंच. एजे, माणसं वैऱ्याशीही अशी वागत नाहीत हो."

"मामिर..."

"नाही नाही, मी अडाणी माणूस. मला ते गंधक-बिंधक कळत नाही. मला एवढंच कळतं, की दारावर तिसरं नाव आमचं होतं."

मागून आवाज आला, "तायाके, पेन आहे का?"

मामिरने खिशातून पेन काढून न बघता मागे दिलं. पिठाच्या पोत्यावर एक जुनं वर्तमानपत्र होतं, त्याच्या कडेला साल्कीनने ठिपके काढले. पेनाचा आवाज ऐकू येत होता. अनीपाला न बघताही कळत होतं की ती कुठवर आली. सहा. मग एकेक करून चार. मग गोल. पाचव्या गोलाला पेन थांबलं.

"मला हे येतं," साल्कीन म्हणाली. "परीक्षेत मी मोजलंच नाही. चार शेजारी दिसले आणि लिहून टाकलं."

"होतं असं."

"तुम्ही तपासलात ना हा प्रश्न?"

"मी आणि एल्नुराने."

"मग तिचा कागद बघताना तुम्हाला कळलं नाही?"

हा प्रश्न येणार हे अनीपाला खानावळीतून उठतानाच कळलं होतं. तिच्या अस्वस्थपणाचं मूळ ना उत्तरसूचीत होतं, ना पडलेल्या आयमध्ये.

"थोडं कळलं होतं," ती म्हणाली. "तिने कडेला आकडेमोड केली होती, सहा अधिक चार. माझी पेन्सिल तिथे अडली. मी मोजायला लागणार होते."

"मग?"

"कुबात घाई करत होता."

"एवढंच?"

"नाही." अनीपा आता वळली आणि तिने पोरीकडे बघितलं. "त्याच्याआधी तुझा कागद तपासून झाला होता. नाव नव्हतं, पण तुझं अक्षर मी पाच वर्षं बघतेय. तू चतुष्फलक लिहिलंयस हे मला माहीत होतं. म्हणून मी मोजलं नाही. उत्तरसूचीत आहे ना, म्हटलं, मग झालं. पान उलटलं."

साल्कीनने दार उघडलं आणि ती उतरली. दार लावायलाही थांबली नाही. घाटीच्या दिशेने रस्त्याच्या कडेने चालायला लागली, हात कोटाच्या खिशात, मान खाली.

"बघा," मामिर म्हणाला. "झालं समाधान?"

अनीपा तिच्यामागे उतरली. वारा तोंडावर चाबकासारखा बसत होता. पन्नाशी ओलांडलेल्या गुडघ्यांनी बर्फात पळणं जमेना, म्हणून ती चालत राहिली, पन्नास पावलं मागे. हाक मारावी असं वाटत होतं, पण काय म्हणून मारायची? चुकलं म्हणायचं तर ते म्हणून झालं होतं. मागून मामिर गाडी बैलगाडीच्या चालीने आणत होता.

अर्धा कोस गेल्यावर साल्कीन थांबली. वळली. नाक लाल झालं होतं, डोळे कोरडे होते.

"तुम्ही मला सांगितलं नसतंत तर?"

"तर तुला कळलं नसतं."

"कुणालाच कळलं नसतं. पुढच्या वर्षी दुरुस्त झालं असतं." ती अनीपाच्या तोंडाकडे बारीक नजरेने बघत होती, जणू एखादी परीक्षानळी उजेडात धरून आत गढूळपणा किती आहे ते बघावं. "बिश्केकला गेल्यावर तिथे कुणीतरी मला गंधकाचा प्रश्न विचारलाच असता. मी काय केलं असतं?"

"मोजलं असतंस."

"हो. आणि मग मला कळलं असतं." तिने नाक पुसलं. "किती वाजले?"

"तीनला पाच कमी."

"मग गाडीत बसा ना. चालत काय चाललाय."

पुढचा सगळा रस्ता मामिरने गाडी पळवली. डोलोनच्या पायथ्याशी आडवा दांडा टाकलेला होता. वर बर्फ कोसळलं होतं, ते काढेपर्यंत गाड्या थांबवल्या होत्या. सात-आठ ट्रक, एक रॉकेलचा टँकर, आणि त्यांच्यामागे चाएकची करडी गाडी. ती दिसल्यावर अनीपाने पहिल्यांदा पाठ सीटला टेकली.

चाएकचे सतारबेक मास्तर म्हणजे पांढऱ्या मिशांचे, टोपी कानांवर ओढलेले गृहस्थ. त्यांनी खिडकीची काच बोटभर खाली केली. अनीपाचं बोलणं ऐकून घेतलं, आणि त्यांचा चेहरा आणखीच ताठर झाला.

"बाई, आम्ही अर्ज-बिर्ज करत नाही. वरच्यांचं चुकलं म्हणायचं, मग आमचीच शाळा डोळ्यांवर येते."

"अर्ज मुलीने करायचा आहे. तिला विचारू दे मला."

मागच्या बाकावर तीन मुलं एका घोंगडीत होती. त्यांतली एक कुरूतचा, खारवलेल्या सुक्या दह्याचा, खडा गालात धरून ऐकत होती. लहानखुरी, दोन वेण्यांची. ती बेगाय.

"माझं बरोबर होतं?" तिने विचारलं.

"बरोबर होतं. तेवीसांत तुझं एकटीचंच."

"मी सरांना बाहेर आल्यावर सांगितलं होतं. सर म्हणाले, उत्तरसूची चुकत नसते, तूच कुठेतरी दोन जास्त मोजले असशील. मी येताना इथपर्यंत परत परत मोजतेय. दरवेळी दहाच येतात."

सतारबेक मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते समोर बघायला लागले. थोड्या वेळाने त्यांनीच हात मागे नेऊन दाराची कडी काढली.

बेगाय उतरली. झिगुलीच्या बोनेटवर, तिथे जरा ऊब होती म्हणून, कागद ठेवला. मामिर आतच बसून राहिला, पण त्याने इंजिन चालू ठेवलं. पहिल्या ओळीलाच पेन थिजलं. साल्कीनने ते तिच्या हातून घेतलं, तोंडात धरून गरम केलं आणि परत दिलं.

"तू कोण?" बेगायने विचारलं.

"अत-बाशीची साल्कीन."

"तिसरी?"

"हं."

बेगायने पेन कागदावरून उचललं. एकदा साल्कीनकडे, एकदा अनीपाकडे बघितलं. "मग हे दिल्यावर तू?"

"लिही," साल्कीन म्हणाली. "बोटं गारठतील. 'मध्यवर्ती अणू' लिहिलंयस तिथे आधी आकडेमोड लिही, मग आकार. उलटं लिहिलंस तर त्यांना समजायला दहा मिनिटं लागतील आणि आमच्याकडे दहा मिनिटं नाहीत."

बेगायने मुकाट्याने तसं लिहिलं. सही केली. मग काही सुचेना म्हणून खिशातून कुरूतचे दोन खडे काढून साल्कीनच्या हातावर ठेवले आणि गाडीकडे पळाली.

परतीला उतार होता, तरी अनीपाचा जीव टांगणीलाच. नारीनच्या अलीकडे मेंढरांचा एक कळप रस्त्यावर आला. धनगर घोड्यावर पेंगत होता. मामिर खाली उतरून मेंढरांना हाकलत असताना त्याच्या तोंडून जे निघालं ते मेंढरांना नव्हतं, हे गाडीतल्या दोघींनाही समजलं. पाचला बारा मिनिटं असताना अनीपा जिना चढली.

कुबात कोट घालून बसला होता, निघायच्या बेतात. अर्ज त्याने उजेडाकडे धरून वाचला. वाचताना त्याचेही ओठ हलले. मग त्याने दुपारी लावलेल्या पाकिटाची लाख नखाने फोडली.

"विद्यार्थी होतीस तेव्हाही अशीच होतीस," तो म्हणाला. "मेसच्या बाईने तुला एक बटाटा जास्त वाढला तर रात्रभर तळमळायचीस."

"अजून एक सांगायचंय," अनीपा म्हणाली, आणि अक्षर ओळखल्याचं त्यालाही सांगितलं. "मला यापुढे परीक्षक नेमू नकोस. निदान माझं मूल बसलेलं असेल त्या वर्षी."

कुबातने वर बघितलं. "हे मी ऐकलं नाही."

"मी लिहून देते." आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर तिने लिहून दिलं.

वरून उत्तर यायला चार दिवस लागले. ते चार दिवस अत-बाशीत अनीपाला कुणी काही बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. दुकानात ती शिरली की बोलणं थांबायचं. मामिरने कापलेला मेंढा खाऊन उठलेल्या प्रत्येकाला सगळी हकीकत माहीत होती. काहींचं म्हणणं होतं, बाईंना चाएकवाल्यांनी काहीतरी दिलं असणार. काही म्हणत, बाई सच्ची आहे, पण सच्चेपणा पोरीच्या मानेवर सुरी ठेवून कशाला? अनीपाचं शिकवताना चुकायला लागलं. एकदा फळ्यावर पाण्याचा रेणू काढायला गेली आणि खडू हातात घेऊन उभीच राहिली, शेवटी एका मुलाने विचारलं, "एजे, पुसू का?"

पाचव्या दिवशी तार आली. दुरुस्ती मान्य. तिसरी जागा चाएकच्या बेगायची.

तार घेऊन ती साल्कीनच्या घरी गेली. साल्कीनची आई उपासखान शेणाच्या गोवऱ्या चुलीत सारत होती. तिने बसायला गादी दिली, चहा ओतला, दूध घातलं, कणकेचे तळलेले बोरसोक पुढे केले. पाहुण्याला जे करायचं ते सगळं केलं आणि मग समोर बसली.

"माझी पोरगी रडली नाही," ती म्हणाली. "त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. तुम्ही तिची जागा घालवलीत ते मी विसरेन, एजे. पण ती रडत नाही, आणि मला त्याचा राग कुणावर काढावा ते कळत नाही."

"माझ्यावर काढ."

"काढला असता. तीच काढू देत नाही." उपासखानने तारेचा कागद घडी करून कपाटावर ठेवला. "चहा घ्या. गार होतोय."

साल्कीन गोठ्यात होती. बाहेर येऊन भेटली नाही. अनीपाने हाक मारली नाही.

पुढे तीन आठवडे साल्कीन शाळेत यायची, बाकावर बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची, आणि घंटा झाली की जायची. दुपारचा तास बंदच पडला. अनीपा तरी रोज तासभर वर्गात थांबायची, वह्या तपासायचं निमित्त करून. मध्येच उठून शेगडीत कोळसा सारायची, दारापर्यंत जायची, परत यायची.

मार्चच्या मध्यात बिश्केकची फेरी झाली. बेगायचा तिथे अकरावा नंबर आला. सतारबेक मास्तरांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. त्यात आभार-बिभार काही नव्हतं, फक्त नंबर होता, आणि खाली लिहिलं होतं, की मुलीने तिथे आयोडीनला पाच फ्लोरिन असलेला आकार बरोबर काढला, तो त्यांच्या शाळेत कुणी शिकवलेला नव्हता.

अनीपाने ते पत्र शाळेच्या फलकावर लावलं. का लावलं, हे तिला नीटसं सांगता आलं नसतं.

त्या दिवशी कोळसा संपला होता, म्हणून पोरं लवकर सोडली. अनीपा कोट घालून रिकाम्या वर्गात बसली होती. दारात साल्कीन उभी राहिली, भुवया चढवलेल्याच.

"सात आणि पाच बारा," ती म्हणाली. "सहा जोड्या. पाच बांधल्या, एक उरली. आकार चौकोनी बुडाच्या पिरॅमिडसारखा ना?"

"फळ्यावर काढ."

साल्कीनने खडू घेतला. हातमोजे न काढताच ठिपके काढायला लागली, वेडेवाकडे आले, म्हणून एक हातमोजा दातांनी ओढून काढला. अनीपा उठून तिच्या शेजारी गेली आणि फळ्याचा वरचा भाग, जिथे साल्कीनचा हात पोचायचा पण अनीपाचा नाही, तो पुसायला तिने फडकं तिच्याकडे दिलं.

"मी अजून रागावलेली आहे," साल्कीन पुसता पुसता म्हणाली.

"असू दे."

"पुढच्या वर्षी मी बसणार आहे. तुम्ही परीक्षक नाही ना?"

"नाही. लिहून दिलंय."

"बरं," साल्कीन म्हणाली, आणि सहावी जोडी कुठे ठेवायची यावर दोघी, श्वासाची वाफ सोडत, बराच वेळ वाद घालत राहिल्या.